दार मोजून जमवलेले गाव: चार महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

खेळण्यातल्या छोट्या इमारती जमवून त्यांचे एक गाव मांडावे आणि ते नुसते कपाटात ठेवून पाहण्याचे न राहता सात वर्षांच्या भाचीला त्यात खेळता यावे, असा बेत होता. काम सहा आठवड्यांत उरकेल असे धरले होते. त्याला चार महिने लागले. असेच काही करायला घेणाऱ्यांचे दिवस तरी वाया जाऊ नयेत म्हणून वहीतल्या नोंदी जवळजवळ जशाच्या तशा येथे उतरवल्या आहेत. खर्च रकमेत न देता ठरवलेल्या रकमेच्या वाट्यात दिला आहे, कारण जुन्या खेळण्यांचे भाव सतत बदलतात, वाटा मात्र कोणालाही ताडून पाहता येतो.

२ नोव्हेंबर

छायाचित्रे पाहून एकगठ्ठा घेतलेला माल आज खोक्यातून बाहेर काढला. एकूण ३१ इमारती निघाल्या: १९ प्लास्टिकच्या, ६ पुठ्ठ्याच्या, ४ लाकडी आणि २ चिनी मातीच्या. त्यांपैकी सर्वांगाने शाबूत फक्त ७. छायाचित्रात सगळ्या घरांची तोंडे पुढे होती आणि मागे काय आहे ते विचारण्याचे मला सुचले नाही. तीन घरांना मागची भिंतच नव्हती. ११ घरांची धुराडी गायब होती. याचे नवल वाटू नये, कारण छपराच्या वर उभा असलेला हा एवढासा भाग खोक्यात सर्वांत आधी मोडतो आणि सर्वांत आधी हरवतो.

ठरवलेल्या रकमेतली निम्मी रक्कम या एका खरेदीत गेली.

४ नोव्हेंबर

१२० बाय ८० सेंटिमीटरच्या फळीवर सगळी घरे जमतील तशी मांडली आणि दोन पावले मागे जाऊन पाहिले. गाव दिसेना. घरे सुंदर होती, तरीही भंगाराच्या दुकानात एका फळीवर ठेवल्यासारखी एकमेकांना परकी दिसत होती. रंग जुळत नाहीत म्हणून असे दिसत असेल, असा माझा समज झाला आणि अर्धा दिवस मी नुसती जागा बदलण्यात घालवला.

संध्याकाळी १:८७ प्रमाणातली, म्हणजे खऱ्याहून ८७ पट लहान, सुमारे २० मिलिमीटर उंचीची, माणसाची एक बाहुली एकेका दारासमोर उभी करून पाहिली तेव्हा खरे कारण कळले. एका घराच्या दाराच्या कडीपर्यंतही तिचा हात पोचत नव्हता, तर दुसऱ्याच्या दारातून ती रांगतसुद्धा आत गेली नसती. चिनी मातीच्या एका घराचा खालचा दरवाजा तिच्या खांद्याइतका आणि वरच्या मजल्याची खिडकी त्या दरवाजाहून मोठी होती.

८ नोव्हेंबर

व्हर्निअर कॅलिपर घेऊन प्रत्येक घराचे दार मोजले. खरे दार सुमारे दोन मीटर उंच धरले, तर १:८७ प्रमाणात, म्हणजे ज्याला रेल्वेची मॉडेले करणारे एचओ म्हणतात त्यात, ते २३ मिलिमीटर येते. १:७६ च्या ओओ प्रमाणात २६, १:१६० च्या एन प्रमाणात साडेबारा आणि १:४३.५ च्या ओ प्रमाणात ४६ मिलिमीटर. या हिशेबाने १३ घरे एचओमध्ये, ५ ओओमध्ये, ४ एनमध्ये आणि ३ ओमध्ये बसली. उरलेली चार लाकडी व दोन चिनी मातीची घरे कोणत्याच प्रमाणात नव्हती. तशी ती असावीत हा त्यांच्या कर्त्यांचा हेतूही नसतो.

एचओ आणि ओओ ही जोडी फसवी आहे. दोन्हींच्या गाड्या १६.५ मिलिमीटरच्या एकाच रुळावरून धावतात, त्यामुळे विकणारे दोन्ही प्रमाणांचा माल सर्रास एकत्र ठेवतात. पण ओओची इमारत एचओपेक्षा सुमारे १४ टक्के मोठी असते, आणि दोन घरे भिंतीला भिंत लावून उभी केली की हे १४ टक्के लगेच डोळ्यात खुपतात.

कोठार, कारखाना किंवा चर्च यांच्या दारावर मात्र विसंबू नये, कारण ती दारे मुळातच माणसाच्या मापाची नसतात. तेथे मी विटा मोजल्या. विटेचा एक थर सांध्यासकट सुमारे ७५ मिलिमीटर धरला, तर १:८७ मध्ये दहा थर मिळून साडेआठ मिलिमीटरच्या थोडे वर जातात आणि १:७६ मध्ये जवळजवळ दहा होतात. भिंगाखाली दहा थर मोजायला अर्धे मिनिट लागते. दोन संशयित इमारतींचा निकाल असाच लागला.

प्रमाण जुळले तरी इमारत पूर्ण मापाची असते असे नाही. ४० मीटरचा मनोरा १:८७ मध्ये ४६ सेंटिमीटर होईल. तो टेबलावर कोणालाच नको असतो, म्हणून बनवणारे दारे-खिडक्या ठीक मापाच्या ठेवतात आणि इमारतीची लांबी, खोली व उंची कापतात. माझी फळीही त्याच हिशेबाने प्रत्यक्षातल्या १०४ बाय ७० मीटरच्या तुकड्याएवढीच आहे. तेवढ्या जागेत खरे तर एक चौक आणि चार-सहा घरे मावतील. तेव्हा कापलेल्या मापांची तक्रार करण्याचा मला अधिकार नाही.

१५ नोव्हेंबर

धुण्याच्या दिवशी दोन चुका झाल्या. दोन्ही घाईच्या.

प्लास्टिकची घरे भांडी घासण्याच्या साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी पाण्यावर रंगीत लगदा तरंगत होता. जुन्या किटमधल्या घरांच्या खिडक्यांमागे छापील कागदाचे पडदे चिकटवलेले असतात, हे आत डोकावून पाहिले असते तर दिसले असते. चार घरांचे पडदे गेले. त्यानंतर उरलेली घरे जुन्या दातांच्या ब्रशने, ओल्या पण न गळणाऱ्या हाताने, बाहेरून साफ केली आणि खिडक्यांची आतली बाजू कोरड्या रंगाच्या कुंचल्याने झटकली.

दुसरी चूक अधिक महागात पडली. एक भिंत किंचित वाकली होती, ती गरम पाण्यात सरळ करता येते असे ठाऊक होते, म्हणून पाणी उकळून थेट तिच्यावर ओतले. पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या आसपासच मऊ पडते. भिंत सरळ होण्याऐवजी पोह्याच्या पापडासारखी मुरडली. हात घालवेल-न घालवेल इतक्या ऊन पाण्यात भिंत काही मिनिटे ठेवायची, मग दोन काचांच्या मध्ये दाबून पूर्ण निवेपर्यंत वजनाखाली ठेवायची, अशी रीत नंतर दुसऱ्या एका भिंतीवर तीन फेऱ्यांत यशस्वी झाली. पहिले घर मात्र सुट्या भागांसाठी बाजूला काढले. एचओची घरे १३ वरून १२ वर आली.

१७ नोव्हेंबर

रेल्वे स्थानकाच्या इमारतीत कोणीतरी फार पूर्वी दिवा बसवला होता. छप्पर उचलले तर आत तांबड्या वायरचे भेंडोळे भिंतीला चिकटून बसलेले. चिमट्याने हलके ओढले तेव्हा वायर सुटली, पण तिच्याखाली भिंतीत तिच्याच आकाराचा, अर्धा मिलिमीटर खोल, चकचकीत खड्डा राहिला. वायरवरच्या आवरणाचे वेटोळे जसेच्या तसे भिंतीवर उमटले होते. मऊ पीव्हीसीत मिसळलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर पडून पॉलिस्टायरीनमध्ये शिरते आणि ते विरघळवते. चार दिवसांत काही होत नाही. वर्षानुवर्षे बंद खोक्यात राहिले की होते.

त्याच दिवशी खोक्यातल्या इतर वस्तू तपासल्या. मऊ प्लास्टिकची कुंपणे आणि रबर बँड घरांपासून वेगळे केले, आणि साठवणीच्या सगळ्या घरांना साध्या पांढऱ्या टिश्यू कागदात गुंडाळले. स्थानकातल्या ज्या जुन्या, तापणाऱ्या बल्बने छपराचा मधला भाग वितळला होता, तोही काढून टाकला.

२९ नोव्हेंबर

गेले दोन आठवडे दुसऱ्यांनी लावलेला गोंद काढण्यात गेले. कोणता गोंद आहे हे ओळखल्याशिवाय हात लावू नये, इतके मी आता ठामपणे सांगू शकते. लाकडाचा पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ होतो. घरांच्या तळाशी चिकटलेली कृत्रिम माती आणि गवत त्याने तासाभरात सुटले. झटपट चिकटणारा गोंद थंडीत ठिसूळ होतो, म्हणून तशी घरे पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली आणि सकाळी सांध्यावर पातळ पाते हलकेच दाबले. सहापैकी चार घरे कडक आवाज करून सुटली. प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या द्रवाने जोडलेला सांधा मात्र गोंदाचा नसतोच, दोन भिंती तेथे एकजीव झालेल्या असतात. तो फ्रीझरने सुटत नाही, करवतीने कापावा लागतो.

नखांच्या रंगाचा रिमूव्हर वापरून पाहावा असा मोह एकदा झाला. भंगारात काढलेल्या भिंतीच्या कोपऱ्यावर थेंब टाकला आणि कोपरा शेवाळ्यासारखा झाला. आधी भंगारावर करून पाहण्याची सवय तेव्हापासून लागली.

६ डिसेंबर

धुराड्यांचा दिवस. पहिला विचार असा होता की शाबूत धुराड्याचा सिलिकॉनचा साचा करून त्यात रेझिन ओतावे आणि अकरा नगांचा प्रश्न एका बैठकीत सोडवावा. पहिल्या ओतकामात धुराड्याच्या वरच्या कंगोऱ्यात बुडबुडे अडकले आणि पाचही नग दात पडल्यासारखे निघाले. दुसऱ्या खेपेला रेझिन साच्यात आधी कुंचल्याने लावून मग ओतले. तेव्हा पाचपैकी चार चांगले आले. साचा वाळणे, रेझिन घट्ट होणे आणि माझे डोके थंड होणे यात तीन दिवस गेले.

उरलेली सात धुराडी मग सहा मिलिमीटर चौकोनी प्लास्टिकच्या काडीतून कापली. तळाला छपराच्या उताराचा कोन द्यायचा असतो, तेथे बहुतेकांची गल्लत होते. सोपी युक्ती अशी: छपरावर पॉलिश पेपर पालथा न ठेवता उताणा ठेवावा आणि काडी उभी धरून त्यावर घासावी, छपराचा जो कोन असेल तो काडीला आपोआप मिळतो. सात धुराडी एका संध्याकाळी झाली. साच्याची खटपट करायलाच नको होती.

१४ डिसेंबर

खिडक्यांची पारदर्शक तावदाने झटपट गोंदाने बसवली आणि दुसऱ्या दिवशी सगळी काच पांढुरकी, वाफ धरल्यासारखी दिसली. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि पुसली जात नाही. नऊ तावदाने फेकली. आता तावदानांना फक्त पांढरा गोंद लावते. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकले तर ओल्या बोळ्याने निघतो. भिजून गेलेल्या पडद्यांच्या जागी पातळ टिश्यू कागदाच्या चुण्या घालून लावल्या. छापील पडद्यांहून त्या बऱ्या दिसतात, हे कबूल करायला थोडे जड जाते.

२० डिसेंबर

चौकासाठी आणखी चार इमारती घ्यायच्या होत्या. या वेळी विकणाऱ्याला तीनच गोष्टी मागितल्या: दाराशेजारी उभी पट्टी धरून काढलेले एक छायाचित्र, मागच्या बाजूचे एक आणि तळाचे एक. नऊ जणांना विचारले, पाच जणांनी पाठवली, त्यांतून चार इमारती निवडल्या. चारही मापात निघाल्या. ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा यात गेला, म्हणजे नगामागे पहिल्या खरेदीहून तिप्पट. पण चारही इमारती फळीवर जाण्याजोग्या होत्या, तर पहिल्या ३१ मधल्या नऊ कधीच जाणार नव्हत्या.

तळावरची अक्षरे वाचण्याची गोडी याच वेळी लागली. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाख या गावी १९४६ मध्ये फालर बंधूंनी सुरू केलेल्या कारखान्याची घरे एचओच्या जुन्या मालात खूप दिसतात, आणि त्यांतली कितीतरी लाकडी चौकटीच्या भिंतींची, उतरत्या मोठ्या छपरांची, त्याच डोंगराळ प्रदेशाच्या धाटणीची असतात. किब्री या दुसऱ्या जर्मन कंपनीचे मूळ १८९५ चे. व्होल्मर या कंपनीने २०१४ मध्ये काम थांबवले आणि तिचे नाव फीस्मान या कंपनीकडे गेले, त्यामुळे एकाच घराच्या दोन खोक्यांवर दोन वेगळी नावे दिसली तरी बिचकू नये. इंग्लंडच्या एअरफिक्सने १९५० च्या दशकात काढलेले रुळाकाठच्या इमारतींचे साचे पुढे डेपोल या कंपनीकडे आले; ती ओओची घरे. अमेरिकेत बाखमनची प्लास्टिकव्हिल घरे गोंदाशिवाय खटकन बसतात आणि तशीच सुटतात, म्हणून खेळायला ती उत्तम. मात्र ती मुख्यतः मोठ्या गाड्यांसाठी केलेली असल्याने माझ्या एचओच्या गल्लीत ती बसत नाहीत. माझी ओ प्रमाणातली तीन घरे त्यांतलीच होती. ती अदलाबदलीत देऊन एचओची झाडे, कुंपणे आणि दिव्याचे खांब घेतले.

नव्या चारांपैकी एक आणि जुन्यांपैकी एक अशी दोन घरे मूळ रंगात, मूळ कागदी पडद्यांसह, एकही सांधा न उकललेली होती. ती रंगवावीत की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी ती काचेच्या कपाटात, उन्हापासून दूर ठेवली. पांढरे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते आणि ते परत पांढरे करण्याच्या उपायांवर माझा विश्वास नाही. जे आधीच उघडलेले, चिकटवलेले, रंगवलेले आहे तेच गावात जाईल, ही विभागणी येथून पुढे पाळली.

३ जानेवारी

सहा मिलिमीटर प्लायवुडची फळी मधोमध झुकली. घरांचे वजन नगण्य आहे. ओल्या मातीच्या थराने तिला वाकवले. खालून चौकट आणि मध्ये दोन आडव्या पट्ट्या ठोकल्यावर ती सरळ झाली, पण त्यासाठी वरचे सगळे उतरवावे लागले. चौकट आधी, माती नंतर, हा क्रम कोणीही सांगितला असता.

मागची टेकडी थर्माकोलची केली आणि तिच्यावर डब्यातला फवारा रंग मारला. रंगाबरोबर टेकडीही बसली: रंगातल्या द्रावकाने थर्माकोल खाल्ला आणि टेकडीच्या जागी हिरवी खाण तयार झाली. दुसरी टेकडी आधी पांढऱ्या गोंदात भिजवलेल्या कागदाच्या तुकड्यांनी मढवली, तो थर वाळू दिला आणि मग पाण्यात मिसळणारा रंग कुंचल्याने दिला. वेळ गेला दोन रविवार.

पुठ्ठ्याच्या ओओ घरांपैकी दोन त्याच खोलीत ओल्या मातीशेजारी राहिल्याने वाकली. ती वाचली नाहीत. राहिलेल्या तीन घरांना आतून पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्यांचा आधार दिला, आणि भिंतींच्या कापलेल्या कडांना पाण्याचा रंग लावला, कारण पुठ्ठ्याचे घर चुगली करते ते त्या पांढऱ्या कडांनी. हे काम पंधरा मिनिटांचे आहे आणि त्याचा परिणाम नव्या रंगकामाहून मोठा आहे.

११ जानेवारी

दिवे. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चार एलईडी समांतर जोडले आणि चौघांना मिळून एकच रेझिस्टर दिला. तीन पांढरे होते, एक पिवळा. पिवळा झगमगला, पांढरे मुळी लागलेच नाहीत. पिवळ्या एलईडीला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीन लागतात, तेव्हा सगळी वीज सोप्या वाटेने पिवळ्यातून निघून गेली. प्रत्येकाला आपापला एक किलोओहमचा रेझिस्टर दिल्यावर पांढऱ्यातून सुमारे नऊ मिलिअँपिअर वाहू लागले, आणि घरातल्या दिव्याला तेवढा उजेड पुरतो. किंबहुना तोही मी पिवळसर कागदाने कमी केला.

दिवा लागताच भिंतीच कंदिलासारख्या उजळल्या. प्लास्टिक पातळ असते हे दिवसा लक्षात येत नाही. आतून आधी काळा रंगाचा हात, तो वाळल्यावर वर पांढरा. मग उजेड फक्त खिडक्यांतून येतो. भिंत आणि छपराच्या फटीतून जी रेघ दिसत होती ती काळ्या कागदाच्या पट्टीने बुजवली. आठ घरांना हे करायला आठवडा लागला.

२५ जानेवारी

भाची आली. पाच मिनिटे हात मागे बांधून पाहत राहिली, मग म्हणाली, "मावशी, ही घरे हलतच नाहीत." खरे होते. मी प्रत्येक घर चिकटवले होते, त्यातले आठ वायरने जखडले होते, आणि खेळायला उरली होती ती फक्त माणसे. तिने आपल्या खेळण्यातल्या मोटारी आणल्या. खिशात मावणाऱ्या या मोटारी डबीच्या मापाने बनवलेल्या असतात, एका प्रमाणात नसतात, आणि एक ट्रक तर घराच्या दारावरून पुढे जाताना पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचत होता. तिला त्याचे काही वाटले नाही. मला वाटले, पण मी गप्प बसले.

लोकांना पाहण्यासाठी मांडलेल्या छोट्या गावांपैकी इंग्लंडमधले बेकन्स्कॉट १:१२ मध्ये आहे, हॉलंडमधले मादुरोडाम १:२५ मध्ये. तेथे लोक गावाभोवती फिरतात, गाव जागचे हलत नाही. माझ्या डोक्यात नकळत तसलेच काहीतरी होते आणि ते या कामाच्या मूळ बेताशी जुळत नव्हते.

१ फेब्रुवारी

घरे सुटी करायला घेतली. आधी प्रत्येक घराच्या तळाला छोटे शक्तिशाली चुंबक लावून फळीवर पत्रा टाकावा असे ठरवले आणि दोन घरांना तसे केलेही. ती छान बसली. एक चुंबक मात्र दुसऱ्याच उचलण्यात निघून हातात आला. असे दोन चुंबक मुलाच्या पोटात गेले, तर ते आतड्याच्या पदरांमधून एकमेकांना ओढतात आणि मध्ये सापडलेला भाग चिमटला जातो. सात वर्षांची मुलगी ते तोंडात घालणार नाही कदाचित. पण तिचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे. चुंबक त्याच दिवशी काढले. दिव्यांसाठी बटणाएवढे सेल वापरण्याची कल्पनाही त्याच कारणाने सोडली.

त्याऐवजी प्रत्येक घराला तीन मिलिमीटर प्लायवुडचे जोते केले, जोत्याखाली सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी खुंट्या साठ मिलिमीटर अंतरावर बसवल्या आणि फळीवर त्याच अंतराने भोकांच्या जोड्या पाडल्या. पहिल्या दहा जोड्या नजरेने पाडल्या, त्यातल्या चारच बसल्या. मग पत्र्याच्या पट्टीला नेमक्या अंतरावर दोन भोके पाडून ती साचा म्हणून फळीवर धरली. कोणतेही घर आता कोणत्याही जागी बसते. रिकाम्या भोकांत झाडे रोवली.

दिवे आठांवरून तीनांवर आले. मागच्या ओळीतली तीन घरे तेवढी जागची हलत नाहीत. बाकी पाच घरांतला आठवडाभराचा रंग आणि वायर यांचा उपयोग इतकाच झाला की त्यांच्या भिंती आता आतून काळ्या आहेत.

१५ फेब्रुवारी

एन प्रमाणातली चार घरे टेकडीवर ठेवली, म्हणजे ती दूर दिसावीत. समोरून, फळीच्या काठाला डोळे लावून पाहिले की टेकडी खरोखरच लांब जाते. बाजूने पाहिले की ती नुसती लहान घरे दिसतात. शिवाय भाचीने एचओची माणसे तेथे नेऊन उभी केली आणि साडेबारा मिलिमीटरच्या दारासमोर वीस मिलिमीटरचा टपालवाला उभा राहिला. टेकडीच्या पायथ्याशी झाडांची दाट ओळ लावली, तिकडे जाणारा रस्ता काढून टाकला आणि भोकेही बुजवली. रस्ताच नसल्याने टपालवाला आता तिकडे फारसा जात नाही.

चार लाकडी घरे तिच्या धाकट्या भावाला दिली, पण त्यांतल्या एका जुन्या घराचा रंग पापुद्रे धरत होता. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ते एकटे मागे ठेवले.

६ मार्च

फळीवर २१ घरे उभी आहेत: १४ एचओची, कोपऱ्यातल्या गल्लीत ३ ओओची आणि टेकडीवर ४ एनची. एकूण सुमारे १४० तास लागले, त्यातले चाळीसेक तास केलेले पुन्हा करण्यात गेले. खर्च ठरवलेल्या रकमेच्या सव्वापट झाला: त्या रकमेचा निम्मा हिस्सा पहिल्या गठ्ठ्यावर, पाचवा हिस्सा चार इमारतींवर आणि उरलेला गोंद, रंग, लाकूड, दिवे यांवर. दिव्यांचा बहुतेक भाग बुडीत धरला आहे.

राहिलेली कामे अशी. चर्चच्या घड्याळाला एकच काटा आहे. दुसरा पितळी तारेतून करायचा आहे. बेकरीचे दार १९ मिलिमीटर भरते, म्हणजे चारेक मिलिमीटरने ठेंगणे, आणि ते बदलायचे तर सगळी दर्शनी भिंत कापावी लागेल. तूर्त तिच्यासमोर उंच जोते आणि दोन पायऱ्या देऊन दाराकडचे लक्ष पायऱ्यांकडे वळवले आहे. काल भाचीने बेकरी उचलून स्थानकाशेजारी नेली, जेथे पायऱ्या रुळावर येतात.